वहिनीचा सोमवार

आमच्या वहिनीला माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. रस्त्यात कोणी हसून "काय, बरं आहे ना?" म्हणालं की ती नुसती मान हलवते, थोडं पुढे जाते, मग वळून त्या माणसाची पाठ बघते आणि मला म्हणते, "अगं, यांचा कोट माझ्याकडे आला होता. डावा खांदा उतरता आहे बघ." एकदा तिने स्वतःच्या चुलतसासऱ्यांना असंच पाठमोरं ओळखलं. त्यांनी ते अजून मनात ठेवलं आहे.

मी तिची नणंद. नणंदेने वहिनीचं कौतुक करू नये अशी जगाची अपेक्षा असते, पण जगाच्या अपेक्षा सांभाळायला मला वेळ नाही. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. दुपारी सुटले की वहिनीच्या दुकानात जाऊन बसते. बटणं, हुक, हातशिलाई ही माझी कामं. मशीनला हात लावायची मला परवानगी नाही, कारण मी बसले की मशीन कुरकुरतं असं तिचं म्हणणं. सोमवारी मात्र शाळेचं ऑफिस संध्याकाळपर्यंत चालतं, त्यामुळे सोमवारचं दुकान मी कधी पाहिलेलंच नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून लोक मला बिनडोक म्हणतील.

दुकान म्हणजे मुख्य रस्ता वळतो तिथल्या आतल्या गल्लीतली एक खोली. काचेचं दार, दाराशी मशीन, कारण उजेड तिथेच येतो. मागे इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. तिच्यात अंगाने भरलेला माणूस शिरला की पडदाही त्याच्याबरोबर आत ओढला जातो. वहिनी नवीन कपडे शिवत नाही. दुसऱ्यांनी शिवलेले, विकत आणलेले, थोरल्याचे धाकट्याकडे आलेले कपडे ती अंगाला बसवून देते. रफू असं करते की फाटलं कुठे होतं ते मालकालाच शोधावं लागतं. माप घेताना माणसाला एकदा खुर्चीवर बसायला लावते. "उभ्याने सगळ्यांनाच कपडे छान दिसतात," म्हणते, "पण दिवसभर बसायचं असतं ना?" तोंडाने मात्र फटकळ. एक गृहस्थ तीच पँट कंबर सैल करायला पुन्हा पुन्हा आणायचे. शेवटी तिने ती उलटी करून त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाली, "आतलं कापड संपलं. यापुढे जे करायचं ते तुम्हालाच करावं लागेल."

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग मुख्य रस्त्यावरच्या कपड्यांच्या तीन मजली दुकानाने पाटी लावली, की इथे घेतलेले कपडे इथेच फुकट मापात करून मिळतील. तेव्हापासून वहिनीच्या दाराशी येणारी माणसं विरळ होत गेली. दुपारी आम्ही दोघी माशा मारत बसायचो आणि एकमेकींना ते जाणवू द्यायचो नाही. मी आधीच घट्ट असलेली बटणं पुन्हा घट्ट करायचे.

त्या दुकानाच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. माणूस वाईट नाही. एकदा ते स्वतः गल्लीत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ताई, माझ्याकडे तळघरात मशिनी आहेत, पण चांगला हात नाही. तुम्ही या. ठरलेला पगार, डोक्याला ताप नाही. शाळा उघडायच्या गर्दीआधी सांगा म्हणजे झालं."

माझ्या भावाला, म्हणजे दादाला, हे एकदम पसंत पडलं. तो गोदामात कामाला आहे. त्याच्या मते पगार ही जगातली सगळ्यात शांत गोष्ट.

"तळघरात उजेड नसतो," वहिनी म्हणाली.

"दिवे असतात की."

"दिव्याखाली काळा धागा आणि निळा धागा सारखाच दिसतो."

"मग दोन दिवे मागून घे."

"आणि माणसं खाली येत नाहीत. वरून नुसते कपडे येतात, टाचण्या लावून. माणूस न बघता मी काय शिवू?"

दादाला ते पटलं नाही. दुकान राखायचं की तळघरात जायचं, हा प्रश्न त्यानंतर रोज आमच्याबरोबर जेवायला बसू लागला. वहिनीच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. त्या खोलीत ती कोणाची सून नव्हती, कोणाची बायको नव्हती, माझी वहिनीसुद्धा नव्हती. तिथे ती स्वतःच्या मालकीची होती. ते सोडायचं म्हटलं की ती ताटातला भात नुसता चिवडत बसायची, आणि तिच्याकडे बघून मीही.

अशात एका सोमवारी व्यापारी मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. वह्या-पेनांचं दुकान चालवणारे गृहस्थ, बोलायला गोड. पँटची उंची कमी करायची होती. वहिनी त्यांच्या पायांशी बसून टाचण्या लावत होती आणि ते वरून तिला मंडळात यायची गळ घालत होते. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. एकटं दुकान म्हणजे अंधारात हात हलवणं, ते म्हणाले. मंडळात आलात की गल्लीच्या तोंडाशी मोठ्या पाटीवर तुमचं नाव लागेल, छापील माहितीपुस्तिकेत येईल, आणि मुख्य म्हणजे सभासद एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवतात.

"नियम एकच," ते म्हणाले. "सोमवारी बाजार बंद. सभासदाने त्या दिवशी दुकान उघडायचं नाही."

"माझ्याकडे सोमवारी बऱ्यापैकी माणसं येतात," वहिनी म्हणाली.

"ती मंगळवारी येतील. जातील कुठे?"

"तेही खरं," वहिनी म्हणाली. "पाय जरा सरळ ठेवा."

अर्धी पँट टाचून घेतलेले अध्यक्ष सोमवारी तिच्या दुकानात उभे राहून तिला सोमवारी दुकान बंद ठेवायला सांगत होते. त्यात काही वावगं आहे हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना तिच्या. मला तिने सांगितलं तेव्हा माझ्याही नाही. आमच्या घराण्यात हुशारी पुरुषांकडेच जाते असं आमचे आजोबा म्हणायचे, पण दादानेही त्यावर ब्र काढला नाही.

वहिनी सभासद झाली. काचेवर मंडळाचा गोल कागद चिकटला, पाटीवर नाव लागलं. पहिल्या सोमवारी ती घरी राहिली आणि दुपारपर्यंत तिने घरातले सगळे पडदे उतरवून त्यांच्या कडा पुन्हा शिवून काढल्या. पुढच्या सोमवारी दादाचे सदरे बाहेर आले. त्याच्या पुढच्या सोमवारी तिने माझ्या कपाटाला हात घातला तेव्हा मी ऑफिसातून लवकर घरी आले आणि कपाटाची किल्ली काढून घेतली.

पाटीचा उपयोग झाला नाही असं नाही. पाटी बघून माणसं गल्लीत येऊ लागली. दार ढकलून, मान आत घालून विचारायची, "चाव्या करून देणारे कुठे बसतात हो?" वहिनी त्यांना बाहेर येऊन रस्ता दाखवायची. चावीवाल्याचा धंदा बराच सुधारला असावा. आमच्याकडे मात्र उरलीसुरली माणसंही येईनाशी झाली. मंगळवारी कोणी यायचं नाही, बुधवारी नाही, आणि शनिवारी कोणी आलंच तर दोरा मिळेल का विचारायला. कामं एवढी कुठे गडप झाली ते कळेना. कपडे तर सगळ्या जगाने घातलेले दिसत होते.

मी तोंडाचा पट्टा सोडला. मंडळ म्हणजे चहा प्यायचा बहाणा, अध्यक्ष म्हणजे गोड बोलून गळा कापणारा माणूस, असं बरंच काही बोलले. दादाने तेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "शाळा उघडायला आल्या. शेठ किती थांबतील?"

वहिनी ताटाकडे बघत होती. मग म्हणाली, "परवा मंडळाची सभा आहे. अजून एकदाही गेले नाही. एकदा जाते. शेठही येतील, तिथेच त्यांना हो सांगून टाकते."

तिने हे इतकं सरळ सांगितलं की मला रडू आलं. मी उठून पाणी आणायला गेले.

सभा शाळेच्या सभागृहात होती, म्हणजे एका अर्थाने माझ्याच घरात. मी तिच्याबरोबर गेले. घडीच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर पंख्याने उडू नयेत म्हणून पाण्याच्या पेल्याखाली दाबलेले कागद. तिथली पद्धत अशी, की नवीन सभासद आला की प्रत्येकाने उभं राहून आपण काय करतो ते सांगायचं. घड्याळवाले काका उठले, बेकरीवाले उठले, चष्मेवाले उठले. कपबश्यांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई उठल्या, ज्यांना रस्त्यावर सगळे कपबशीबाई म्हणतात आणि त्याही ओ देतात.

वहिनी कोणाच्याही तोंडाकडे बघत नव्हती. तिची नजर खाली होती. मला वाटलं, दुकान सोडायचं दुःख गिळते आहे. तेवढ्यात तिने माझं कोपर इतक्या जोरात दाबलं की मी कळवळले.

"अगं, पिना बघ," ती कुजबुजली.

मी बघितलं. बेकरीवाल्यांच्या पँटची कड सेफ्टी पिनेने वर घेतली होती. चष्मेवाल्यांची एक बाही दुमडून टाचलेली होती. घड्याळवाल्या काकांच्या खिशाची शिवण उसवून लोंबत होती. अध्यक्षांची नवी पँट तर दोन्ही पायांशी आतून चिकटपट्टी लावून धरलेली, आणि एका पायाची पट्टी सुटून फरशीवर घासत होती.

"ही सगळी माझी माणसं आहेत," वहिनी म्हणाली. "त्या काकांचा पाय वाकडा आहे, त्यांची एक बाजू मी नेहमी जास्त सोडते. ही माझी सोमवारची माणसं, गं."

तिची सोमवारची माणसं म्हणजे हे दुकानदार, हे तिला आजवर कधी कळलंच नव्हतं, कारण ती सकाळी मशीनवर बसते ती दिवे लागल्यावर उठते. मुख्य रस्त्यावर खरेदीला मी जाते. ही माणसं गल्ल्यामागे बसलेली तिने कधी पाहिलीच नव्हती. तिला ती फक्त पडद्यामागून निघताना माहीत होती.

तिची पाळी आली. ती उभी राहिली आणि आपण काय करतो ते न सांगता तिने अध्यक्षांना विचारलं, "तुम्ही पँटला चिकटपट्टी का लावलीत?"

अध्यक्ष गोरेमोरे झाले. "काय करू ताई? दोन सोमवार तुमच्या दाराशी येऊन गेलो. कुलूप होतं."

"मीही येऊन गेले," कपबशीबाई म्हणाल्या.

"मीपण," बेकरीवाले म्हणाले. "मला वाटलं, आजारी वगैरे आहात."

"बाकीच्या दिवशी यायचं होतं."

"बाकीच्या दिवशी आम्ही दुकानात असतो हो ताई. तुम्ही उघडता तेव्हाच आम्ही उघडतो, तुम्ही बंद करता तेव्हाच बंद करतो. आम्हाला सोमवारशिवाय दिवस कुठला?"

"आणि सोमवारी बंद ठेवा हे मला कोणी सांगितलं?"

मग घड्याळवाले काका खो-खो हसायला लागले आणि सगळेच हसले. अध्यक्षही हसले, पण पाय खुर्चीखाली घेऊन. वहिनीला गिऱ्हाइकं मिळवून द्यायची म्हणून त्यांनी तिला मंडळात घेतलं, आणि ती गिऱ्हाइकं म्हणजे मंडळातले सभासदच होते.

कोणीतरी लगेच म्हणालं, ताईंना सोमवारची सूट द्या, विषय संपला. माझा जीव भांड्यात पडला. पण विषय संपला नाही. चष्मेवाले म्हणाले, तसं बघितलं तर सोमवारी डोळे तपासायला लोकांना सवड असते, मग मलाही सूट हवी. बेकरीवाले म्हणाले, पाव तर रोजच लागतो. घड्याळवाले काकाही काही बोलायला उठत होते, तेवढ्यात कपबशीबाई उभ्या राहिल्या.

"मी स्पष्ट बोलते, ताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "हा नियम नव्हता तेव्हा समोरचा उघडायचा म्हणून मी उघडायचे आणि मी उघडायचे म्हणून तो उघडायचा. माझी थोरली मुलगी चालायला लागली ते मला शेजारणीने सांगितलं. आज एकाला सूट द्याल, पुढच्या वर्षी सगळा रस्ता उघडा असेल. मला धाकट्याचं तरी सगळं बघायचं आहे. सूट कोणालाच नको."

मला त्यांचा राग आला आणि त्यांचं म्हणणं पटलं, दोन्ही एकदमच. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. सूट देऊ नये असं कोणाकोणाचं मत आहे? कपबशीबाईंचा हात वर गेला, मागून आणखी काही गेले. आणि माझ्या शेजारी बसलेल्या वहिनीने हात वर केला.

मी तिचा पदर ओढला. तिने हात खाली घेतला नाही.

सूट नामंजूर झाली. वहिनी परत उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तर मग मला मंडळातून मोकळं करा. नियम बरोबर आहे. पण मला सोमवारी दुकान उघडायचं आहे."

अध्यक्षांना वाईट वाटलेलं दिसलं. "मग पाटीवरचं नाव काढावं लागेल, ताई."

"काढा की."

बाहेर पडताना शेठ दाराशी उभे होते. "माझं काय ठरलं?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "नाही जमणार, शेठ. तुम्ही दुसरं कोणी बघा." ते म्हणाले, "मग मी उद्याच बघतो, मला थांबता येणार नाही," आणि ते खरं होतं. तळघराचं दार त्याच संध्याकाळी बंद झालं.

घरी जाताना मी तिला मनसोक्त बोलून घेतलं. स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध मत देणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली, म्हणाले. मंडळही गेलं, नोकरीही गेली, आता दादाला काय सांगायचं? तिने ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या सोमवारी मी शाळेतून रजा काढली. दुकान बुडायचंच असेल तर मी तिथे असावं, एवढाच विचार होता. वहिनीने दार उघडलं, मशीनला तेल घातलं आणि बसली. पहिला तासभर कोणीही आलं नाही. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे सारखं तिकडेच लक्ष जात होतं. मग अध्यक्ष आले. गल्लीच्या तोंडाशी शिडी लावून तिचं नाव त्यांनी स्वतःच काढलं होतं, हात धुळीने भरलेले होते, आणि काखेत तीच पँट होती. त्यांच्या मागून बेकरीवाले आले. दुपारी खुर्च्या कमी पडल्या तेव्हा मी शेजारच्यांकडून बाक आणला.

मंडळात जाऊन गिऱ्हाईक वाढतं का, असं मला कोणी विचारलं तर मी सरळ उत्तर देऊ शकत नाही. पाटीने एकही गिऱ्हाईक आणलं नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. पण त्या सभेपर्यंत ही माणसं वहिनीला नुसती रफूवाली म्हणून ओळखत होती. आता बेकरीवाले पाव देता देता लोकांना तिचा पत्ता सांगतात आणि तिने सभेत अध्यक्षांना काय विचारलं तेही सांगतात. त्या घडीच्या खुर्चीवर ती एकदा बसली नसती तर हे झालं नसतं, आणि तिथून उठली नसती तरी झालं नसतं.

तिसऱ्या प्रहरी कपबशीबाई आल्या. बरोबर नवरा, थोरली मुलगी आणि गणवेश लांब झालेला धाकटा. त्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमच्याविरुद्ध बोलले. आणि आज कामही तुमच्याकडेच घेऊन आले. मला घरून निघताना लाज वाटत होती."

वहिनीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या काढून हातात घेतल्या. "माझ्याविरुद्ध कुठे बोललात? तुम्ही सगळे एक दिवस बंद ठेवता म्हणून माझ्याकडे येता. सगळेच सोमवारी उघडायला लागले तर माझ्याकडे कोण येणार? मी हात काय उगाच वर केला?"

मी हुक लावता लावता थांबले. माझी वहिनी संत आहे की मूर्ख, यावर मी सबंध आठवडा डोकं फोडून घेतलं होतं. ती दोन्ही नव्हती. तिला धंदा कळत होता.

कपबशीबाई हसल्या नाहीत. त्यांनी धाकट्याची कॉलर नीट केली आणि विचारलं, "ते झालं आमचं. मग तुमचा सोमवार कुठला?"

लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला बघते आहे. नियमाने डांबून ठेवलं ते सोमवार सोडले तर ती कधी घरी बसलेली नव्हती, आणि त्या सोमवारांतही तिने पडदे शिवले होते. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, आणि तिच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं बटणं लावणाऱ्या मीही नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती धाकट्याच्या पँटची कड उगाचच पुन्हा टाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेवर मी कागद लावला, मंगळवारी बंद. वहिनी उठलीच नाही, डोळे उघडे ठेवून अंथरुणात पडून राहिली. दादाने कामावर जायच्या आधी चहा केला आणि तिला तिथेच नेऊन दिला. साखर घालायला तो विसरला होता, पण तिने सगळा संपवला.